बावन्न

आमचे अण्णा दिवसातून शंभरदा 'बावन्न' म्हणतात. तोंड धुताना बावन्न, जेवताना बावन्न, दूधवाल्याला दारात थांबवून, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, अगदी महत्त्वाचं काही सांगावं तसं बावन्न. दोन वर्षं हेच चाललंय. दूधवाला बिचारा 'हो अण्णा, बावन्न' म्हणतो आणि पुढच्या घरी जातो.

सुरुवातीला आम्ही सगळ्यांनी डोकं लढवलं. अण्णा म्हणजे दिनकर मगदूम, जमीन मोजणी खात्यातून रिटायर झालेले. पस्तीस वर्षं मिरज तालुक्यातल्या बांधाबांधांवरून साखळी आणि झेंडे घेऊन फिरलेला माणूस. त्यामुळे माझा धाकटा भाऊ शेखर म्हणाला, हा गट नंबर असणार, अण्णांनी गुपचूप कुठंतरी जमीन घेऊन ठेवलीय. पठ्ठ्या आठवडाभर तलाठ्यांच्या मागे फिरला. एका गावात बावन्न नंबरचा गट निघाला गायरान आणि दुसऱ्या गावात स्मशान! आत्याचं म्हणणं वेगळंच. बावन्नकशी सोनं, दिनूनं नक्की पुरून ठेवलंय. तिनं परसातली केळ उपटायची तेवढी बाकी ठेवली होती.

शेवटी मीच सगळ्यांना गप्प केलं. म्हटलं, 'काही नाही, मेंदूला मार बसलाय, एक शब्द अडकून बसलाय, झालं. अर्थबिर्थ काही शोधू नका.' या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा, कारण मी दवाखान्यातली.

मी तेजस्विनी मगदूम. वय सत्तेचाळीस, लग्न केलं नाही, मेंदूचे स्कॅन काढते. टेबलवर पेशंटला झोपवायचं, 'हलू नका' म्हणायचं आणि यंत्र चालू करायचं, हे काम बावीस वर्षं करतेय. दिवसाला वीस पेशंट उरकायचे तर गप्पा मारून चालत नाही. 'थोडक्यात सांगा' हे माझं पालुपद. शेखर मला लहानपणापासून कात्री म्हणतो, कारण समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ते कापते. मला त्याचं कौतुकच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता दोन वर्षांपूर्वी अण्णांना हे झालं, त्या मंगळवाराबद्दल. मी तेव्हा पुण्याला होते. मिरजेच्या घरात अण्णा, शेखर, त्याची बायको वृषाली आणि त्यांची नऊ वर्षांची ओवी. अण्णांना पंधरा वर्षांचा मधुमेह. आजकाल दंडाला चिकटवायची चकती मिळते, ती आपोआप साखर मोजून फोनवर कळवते. पण अण्णा म्हणायचे, 'मी काय पोस्टाचं पाकीट आहे तिकीट चिकटवायला?' त्यांना ते जुनं, बोट टोचून मोजायचं यंत्रच बरं वाटायचं. इन्शुलिनचं इंजेक्शन रोज सकाळी वृषाली द्यायची.

त्या मंगळवारी तिची सांगलीच्या एका कॉलेजात मुलाखत होती. सव्वाआठला इंजेक्शन, मग पोहे, दुपारचं ताट झाकून ठेवलेलं, आणि साडेनऊला ती घराबाहेर पडली. शेखर कारखान्यात, ओवी शाळेत. तीन वाजता वृषाली परत आली तेव्हा अण्णा खुर्चीत बेशुद्ध. साखर एकोणीस! दवाखान्यात सलाईनमधून साखर दिली, जीव वाचला. पण जे उठून बसले ते आमचे अण्णा नव्हते. कुणाला ओळखत नव्हते, आत्ताचं आत्ता विसरत होते, आणि तिसऱ्या दिवशी पहिला शब्द बोलले तो बावन्न.

मी पुण्याहून आले ती वृषालीवर तुटून पडले. मुलाखतीच्या गडबडीत हिनं इंजेक्शन दोनदा टोचलं, खायला दिलंच नाही, म्हातारा घामानं थबथबलेला बघूनही ही साडी नेसून निघून गेली, असं माझं ठाम मत. ती रडत सांगायची, 'ताई, पोहे दिले होते. मी निघाले तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. थरथरलं तर गूळ खा म्हणून डबा हाताशी ठेवला होता. त्यांच्या मुठीत गुळाचा खडा होता, ताई.'

'मुठीत होता तर खाल्ला का नाही?' मी विचारलं. 'तूच नंतर ठेवला असशील.'

आठ महिन्यांनी ती जयसिंगपूरला माहेरी गेली. ओवी आमच्याकडे राहिली. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी ओवीनं आईला भेटायचं असं ठरलं, आणि बाकीचं कोर्टावर सोपवलं. मी पुण्याची नोकरी सोडून अण्णांसाठी मिरजेला आले आणि इथल्या एका स्कॅन सेंटरमध्ये लागले.

आणि गेल्या वर्षी आमच्या सेंटरला ते नवं यंत्र आलं.

त्याचं कागदावरचं नाव भलंमोठं आहे. आम्ही त्याला घड्याळ-स्कॅन म्हणतो. ते काय करतं हे समजायला आधी एक गोष्ट लक्षात घ्या. शरीरात साखरेचा साठा असतो, लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये. मेंदूत जवळजवळ नसतो. मेंदूचं हातावर पोट. रक्तातून साखर येईल तसा तो जगतो, आणि रक्तातली साखर फार खाली गेली की तासाभरात त्याच्या पेशी उपाशी पडायला लागतात. उपाशी पेशी आपल्यातलं पाणी बाहेर टाकू शकत नाही, फुगते. ते कोंडलेलं पाणी साध्या स्कॅनमध्येही पांढरं दिसतं. वेळेत साखर मिळाली तर ते पांढरं पुसलं जातं, माणूस पूर्ण बरा होतो. उशीर झाला की पेशी मरते आणि तिथं वण राहतो.

इथवर सगळं जुनंच. नवीन शोध लागला तो वणाबद्दल. आपल्या प्रत्येक पेशीत दिवसरात्रीचं एक रासायनिक घड्याळ असतं. काही प्रथिनं सकाळी वाढतात, संध्याकाळी उतरतात. पेशी मरते तेव्हा शेजारच्या पेशी तिच्याभोवती वणाची भिंत घालतात, आणि त्या क्षणी जी प्रथिनं जितकी असतील तितकी त्या भिंतीत बुजून राहतात. अपघातात मनगटावरचं घड्याळ फुटलं की काटे जिथल्या तिथं थांबतात, तसंच. हे यंत्र असे लाखो थांबलेले काटे वाचतं आणि सांगतं, पहिली पेशी किती वाजता गेली, शेवटची किती वाजता. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे.

शोध लावणाऱ्यांना वाटलं असेल, उपचारांना मदत होईल. आमच्याकडे मात्र भांडणारेच यायला लागले. आईला झटका आला तेव्हा घरात कोण होतं, थोरला की धाकटा? नवरा पडला दोनला आणि ॲम्ब्युलन्सला फोन गेला चारला, मधले दोन तास बाई काय करत होती? सेंटरच्या जिन्यात सख्खे भाऊ एकमेकांच्या कॉलरी धरताना मी पाहिलेत. पूर्वी लोक म्हणायचे, देवाची मर्जी. आता रिपोर्टवर वेळ छापून मिळते.

हे सगळं बघूनही माझ्या डोक्यात काय आलं? तर अण्णांचा स्कॅन काढू!

'कशाला ताई?' शेखर म्हणाला. त्याचा स्वभाव मुळात मऊ. 'पुढच्या महिन्यात तारीख आहेच. ओवीचं काय व्हायचं ते होईल.'

'काय व्हायचं ते होईल? अरे, कोर्ट पोरगी आईच्या हवाली करेल. जिनं आपल्या बापाला जिवंतपणी मारलं, तिच्या हवाली! स्कॅनमध्ये नऊ वाजता सुरुवात दिसली की संपलं. मग काय बोलणार ती?'

'आणि नाही दिसली तर?'

'थोडक्यात सांगते. दिसणार.'

त्याला माझ्यापुढे बोलता येत नाही. त्यानं सही केली.

अण्णांना टेबलवर झोपवलं तेव्हा ते खुशीत होते. बाहेर निघालं की त्यांना वाटतं मोजणीला चाललोय. यंत्राच्या बोगद्याकडं बघून म्हणाले, 'झेंडा डावीकडं घ्या.' असं जुनं एखादं वाक्य त्यांच्या तोंडून मधूनच निघतं. मी त्यांचं डोकं उशांमध्ये नीट बसवलं, कानात बोळे घातले. म्हटलं, 'अण्णा, हलायचं नाही. वीस मिनिटं.' त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, 'बावन्न.'

'हो हो, बावन्न,' मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला.

आमच्या डॉक्टर इनामदार बाई रिपोर्ट वाचताना कुणाला आत घेत नाहीत. मला घेतलं. पडद्यावर अण्णांचा मेंदू होता. मी बावीस वर्षं हेच बघतेय, पण आपल्या माणसाचा मेंदू पहिल्यांदाच बघत होते.

'हे बघ,' बाईंनी बोट ठेवलं. 'आठवण साठवायची जागा, दोन्ही बाजूंची गेलेली. वरचा पापुद्रा इथं, इथं आणि मागे. मधला हा गोळा मात्र शाबूत आहे. श्वास कोंडून किंवा रक्त थांबून इजा झाली असती तर बहुतेक वेळा तोही गेला असता. ही साखरेचीच इजा, शंका नाही.'

'वेळ सांगा बाई.'

'सांगते की, थांब जरा.' त्यांनी कळ दाबली आणि पांढऱ्या डागांवर रंग चढले. 'पहिल्या पेशी गेल्या बारा वाजून दहा मिनिटांनी. शेवटच्या पावणेतीनला.'

'बारा? सकाळी नाही?'

'सकाळी काही नाही. दोनदा इंजेक्शन आणि पोटात अन्न नाही, असं असतं तर दहाच्या आत सुरुवात झाली असती. ही साखर हळूहळू उतरलेली आहे. म्हणजे नेहमीचा डोस, खाणं थोडं कमी. तुझी भावजय निघाली तेव्हा हा माणूस ठणठणीत होता, तेजस्विनी.'

मी म्हटलं, 'त्याच्या आठवडाभर आधी डोस चार युनिटनं वाढवला होता.'

'कुणी?'

'डॉक्टरांनीच. पण मागे लागून वाढवून घेतला मी. साखर तीनशे दहा आली होती, मी अण्णांना फोनवर खूप बोलले होते. ती खाली आणा म्हणून.'

बाई नेहमीच्या शांतपणे म्हणाल्या, 'असं होतं. डोस वाढवणं चूक नाही. पण एक सांगते. बाराच्या आधी तासदीड तास त्यांना कळलं असणार. थरथर, घाम, छातीत धडधड. पावणेअकरा-अकराला माणूस शुद्धीत असतो, उठतो, बोलतो. तेव्हा चमचाभर साखर पोटात गेली असती तर आपण आज हा फोटो बघत बसलो नसतो. घरात फोन नव्हता का? त्यांनी कुणालाच कसं कळवलं नाही?'

मी रिपोर्टची प्रत मागून घेतली.

फोन होता. त्यांनी कळवलं होतं.

तो फोन मी कुणाला सांगितला नव्हता. लपवला असं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही, असं मी स्वतःला सांगते. त्या मंगळवारी पुण्यात माझा पेशंट टेबलवर होता, दुसरा दारात उभा होता, आणि खिशात फोन वाजला.

'अण्णा, पेशंट आहे. थोडक्यात सांगा.'

'तेजा, शुगर खाली आली गं.'

'अरे वा! शाब्बास! बघा, मनावर घेतलं की होतंय की नाही? आता अशीच ठेवा. उगाच काही तोंडात टाकू नका.'

'अगं ऐक तरी. बा…'

'नंतर बोलते,' म्हटलं आणि ठेवला.

ते मला लाडानं बाळ म्हणतात. मला वाटलं, बाळ म्हणतायत.

आपल्याकडे मधुमेहाच्या घरात 'शुगर खाली आली' हे वाक्य म्हणजे आनंदाची बातमी. पोरगं पास झालं म्हटल्यासारखी. किती खाली, हे विचारायचं भानच कुणाला राहत नाही. मला तरी राहायला हवं होतं. मी दवाखान्यातली.

संध्याकाळी घरी आले ती चपलांसकट अण्णांच्या खोलीत गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात जुने नकाशे, मोजपट्टी, पेन्सिलींचे तुकडे, आणि तळाशी ते साखर मोजायचं यंत्र. वृषाली तेव्हा घसा फोडून सांगत होती, मशीन बघा, मशीन बघा. मी एकदा बटण दाबून पाहिलं होतं. सेल संपलेला होता. 'बंद आहे' म्हणून मीच ते खणात टाकलं होतं. दोन वर्षांत कुणी त्यात नवा सेल घातला नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणला. आकडे उजळले. मागचं बघायचं बटण दाबलं. शेवटची नोंद, त्या मंगळवारची तारीख, सकाळी दहा सत्तेचाळीस.

बावन्न.

मी खाली फरशीवर बसले आणि रडले, मोठ्यानं रडले. अण्णा कॉटवर बसून माझ्याकडे बघत होते. हातात गूळ घेऊन त्यांनी मला विचारलं होतं, खाऊ का म्हणून. लेक दवाखान्यातली आहे, तिला विचारावं. लेकीनं सांगितलं, तोंडात काही टाकू नका. तेवढं त्यांनी ऐकलं. खडा मुठीत धरून बसून राहिले. आणि आकडा सांगायचा राहिला होता, तो दोन वर्षं दिसेल त्याला सांगत होते. मी मध्येच तोडलेला फोन ते पुरा करत होते. आणि मी सगळ्या घराला सांगितलं होतं, अर्थबिर्थ काही शोधू नका!

शेखर कामावरून आला तेव्हा मी त्याला रिपोर्ट दिला, यंत्र दाखवलं, फोनचं सांगितलं. त्यानं सगळं वाचलं. मग उठून खोलीचं दार लावून आला.

'ताई, हा कागद कपाटात राहू दे.'

'काय?'

'आपणहून काढलाय स्कॅन. कोर्टानं मागितलेला नाही. काही निघालं नाही म्हणून सोडून देऊ.' तो म्हणाला. 'अण्णा काय बरे होणार आहेत का आता? कागद दिला की ओवी जाईल. मग काय राहिलं आपल्याकडे? फोनवर तू काय बोललीस हे तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहितीय?'

'अण्णांना माहितीय,' मी म्हटलं.

तो डोकं धरून बसला. मला त्याची फार दया आली. बायको गेली ती माझ्या बोलण्यावर, आणि आता पोरगी जाणार तीही माझ्याच कागदावर. त्यानं आयुष्यभर माझं ऐकलं, हीच काय ती त्याची चूक.

'तिला तू एकदा तरी विचारलं होतंस का रे?' मी विचारलं. 'वृषालीला. एकटीला बसवून?'

'तू एवढी खात्रीनं सांगत होतीस,' शेखर म्हणाला. 'मला वाटलं, ताईला कळतं.'

रविवारी मी जयसिंगपूरला गेले. वृषाली आता तिथल्या ज्युनियर कॉलेजात शिकवते. माडीवरच्या खोलीत पेपर तपासत बसली होती. मला बघून उठली नाही. तिच्या आईनं पाणी आणून ठेवलं आणि ती खाली गेली.

मी सगळं सांगितलं. स्कॅन, बारा दहा, डोस, फोन, बावन्न. तिनं एकदाही मला तोडलं नाही. लाल पेन हातात धरून ऐकत होती.

'झालं सांगून?' तिनं विचारलं.

'हो.'

'गुळाचं राहिलं.'

'मुठीत गूळ तू ठेवला नव्हतास. अण्णांनीच घेतला होता. तू खरं बोलत होतीस.'

'पुन्हा म्हणा.'

मी पुन्हा म्हटलं. तिनं पेनचं टोपण लावलं, पेपरांचा गठ्ठा सारखा केला, आणि मग तिला एकदम रडू फुटलं.

'त्यांची मूठ उघडत नव्हती हो, ताई. मी एकेक बोट सोडवलं. गूळ घामानं पाघळून बोटांना चिकटला होता. ती मूठ मला दोन वर्षं झोपू देत नाही. मी देवासमोर बसून विचारायचे, खडा मुठीत होता तर यांनी खाल्ला का नाही? मलाच वाटायला लागलं होतं, मी बहुतेक नीट सांगितलं नसेल. बहुतेक इंजेक्शन खरंच दोनदा दिलं असेल. तुम्ही इतक्या वेळा म्हणालात, की माझ्या डोळ्यासमोर ते दिसायला लागलं होतं.'

'वृषाली…'

'थांबा. आता मी बोलतेय.' तिनं पदरानं डोळे पुसले. 'मागच्या दिवाळीत ओवीनं मला विचारलं, आई, तू आजोबांना उपाशी ठेवलंस का गं? दहा वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं?'

'मी.'

'मला माफीबिफी मागू नका. मला देता येणार नाही, निदान आत्ता तरी नाही. पण हे जे मला सांगितलंत ना, ते ओवीला सांगायचं. तिला समोर बसवून, तुम्ही स्वतः. आणि थोडक्यात नको.'

मी मान हलवली. उठताना लक्षात आलं, पाण्याला मी हात लावला नव्हता. पिऊन टाकलं आणि निघाले.

ओवीला सांगायला एक पूर्ण दुपार गेली. ती आता अकरा वर्षांची आहे, सगळं समजतं. तिनं विचारलेल्या एकाही प्रश्नाला मी कात्री लावली नाही. शेवटचा प्रश्न असा होता, 'आत्या, मग तू आईला रडवलंस ते उगाचच?' मी हो म्हटलं. ती उठून गेली आणि बाथरूमचं दार लावून बसली. कोर्टात कागद मीच दिला. फार वेळ लागला नाही. ओवी आईकडे राहायला गेली, दुसरा आणि चौथा रविवार आता शेखरच्या वाट्याला आला. वृषाली परत येणार नाही, तिला तसं विचारायचं धाडस शेखरलाही झालं नाही. तो माझ्याशी जेवणाखाणापुरतं बोलतो. घरात आता मोठी माणसंच उरलीत.

ओवी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना चहा दिला. कप हातात धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखंच, महत्त्वाचं काही सांगायचं असल्यासारखं.

'बावन्न,' म्हणाले.

दोन वर्षं 'हो हो' म्हणून निसटायचे मी. त्या दिवशी समोर खुर्ची ओढून बसले. गुळाचा डबा वृषालीनं ठेवला होता तिथंच, खिडकीत, अजून होता. त्यातून बोराएवढा खडा काढला.

'फार कमी आहे अण्णा,' मी म्हटलं. 'बावन्न म्हणजे फार कमी. आधी हे खा. मग जेवायचं. पडायचं नाही, निजायचं नाही, मी फोन ठेवत नाही.'

त्यांनी खडा घेतला. जरा वेळ तळहातावर धरला. मी म्हटलं, 'खा अण्णा. मी सांगते म्हणून खा.'

त्यांनी तो तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. डोळे मिटून घेतले. खांदे खाली आले. दोन वर्षांत त्यांना इतकं सैल बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

'बरं वाटलं,' ते म्हणाले. 'बरं झालं तुला फोन केला, बाळ.'

त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा बावन्न म्हटलं नाही. दूधवाला दारात थांबून वाट बघत राहिला.

बोलणं ते लगेच विसरतात, बरं वाटलेलं तेवढं दिवसभर टिकतं; रात्रीत तेही जातं. आठवण साठवायची जागा गेलेली आहे, फोटो मीच काढलाय. सकाळी चहाचा कप हातात घेऊन पुन्हा माझ्याकडे तसंच बघतात आणि पुन्हा आकडा सांगतात. मी डॉक्टरांना विचारून डोस तेवढा जुळवून घेतलाय, बोराएवढ्या गुळानं काही होत नाही. रोज मी खुर्ची ओढून बसते, आणि त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत एक शब्द बोलत नाही.